ओली काच

नवऱ्याच्या बँकेतल्या बदल्यांना मी आता वैतागतही नाही, तेवढं त्राण उरलेलं नाही. कोलकात्यात आल्यावर, पुढच्या गावीही नेता येईल असं काहीतरी हातात असावं म्हणून गार्डन रीच भागातल्या एका दुकानात व्हिनाइलच्या चिकट कागदातून अक्षरं कापून पाट्या करायला शिकू लागले. माझ्या टेबलावर जवळच्या बजबज गावाहून येणारे एक गृहस्थ असत. पन्नाशी उलटलेली, जिथे कामाला होते ती तागाची गिरणी बंद पडलेली. नाव मी कधी विचारलं नाही.

कापलेल्या अक्षरांभोवतीचं जादा व्हिनाइल चिमट्याने सोलायचं असतं. आम्ही ते फेकून द्यायचो. त्यांचे हात मात्र नकळत मांडीवर त्याची सुतळी वळत. लक्षात आलं की ओशाळून ती खिशात घालत.

एके दुपारी काचेवर अक्षरं लावायची होती. काचेवर साबणाचं पाणी मारलं की अक्षरं सरकवता येतात. पाणी दाबून काढलं की ती पक्की बसतात, मग उचलायला गेलं तर फाटतात. त्यांनी मुलीच्या शिवणाच्या दुकानाची पाटी कापली होती. अक्षरं सरळ लागली होती, तरी ते पुन्हा पुन्हा पाणीच मारत राहिले.

"दादा, आता दाबा की!" शिकवणाऱ्या बाई हिंदीत करवादल्या.

"थांबा ना जरा," ते म्हणाले. "मी जन्मभर एकाच जागी बसलो होतो. उपटून काढलं तेव्हा फार फाटलं."

बाईंनी साबणपाण्याची बाटली त्यांच्याकडे सरकवली. मी माझ्या काचेकडे पाहिलं. माझी अक्षरं थोडी वाकडीच होती, पण मी ती केव्हाच दाबून टाकली होती.