घागर रांगेत, माणूस आत

"आधी टेका, मंग बोला." दारात कुणीही दिसलं की आमचे ग्रंथपाल काका असं म्हणत आणि उपरण्यानं खुर्ची झटकत. खुर्ची स्वच्छ असली तरी झटकत. असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल.

आमचं वाचनालय निजामाच्या काळातलं. जाड दगडी भिंती, वरच्या फळ्यांवर उर्दू पुस्तकं, खाली मराठी. मी समितीची चिटणीस. नियम लिहून भिंतीला लावणं माझं काम, ते वाकवणं काकांचं.

दुष्काळात पाण्याचा टँकर वाचनालयासमोर थांबू लागला. बायका उन्हात ताटकळायच्या. काकांनी जाहीर केलं, "घागर रांगेत ऱ्हाईल, माणूस आत बसंल."

"काका, त्या सभासद नाहीत," मी म्हटलं.

"ताई, ऊन काय सभासद बघून लागतंय व्हय?"

बायका आधी नुसत्या गारव्याला बसल्या. मग सातवी झालेली एक सून पेपर मोठ्यानं वाचू लागली. लग्नाच्या जाहिरातींना सगळ्यांत जास्त गर्दी.

"उंच, गोरा, निर्व्यसनी..."

"एवढा चांगला हाय, तर मागं ऱ्हायला कावून?"

हसण्याच्या आवाजात टँकरचा हॉर्नही ऐकू यायचा नाही.

त्याच उन्हाळ्यात सहकारी सोसायटीला पेंडीच्या पोत्यांसाठी जागा हवी झाली. चेअरमननी आमचा हॉल मागितला. गरज खरी होती, जनावरं खंगली होती. पण पोती आत आली की वाचनालय कायमचं बाहेर, हे काका ओळखून होते. समितीत निम्मी माणसं चेअरमनचीच.

चेअरमन पाहणीला आले. काकांनी खुर्ची झटकली, पण तिच्यावर आधीच एक म्हातारी येऊन बसली.

"ह्या कोन समद्या?" चेअरमननी विचारलं.

"वाचक हायत, सायेब."

म्हातारी म्हणाली, "पोती तुझ्या सोसायटीच्या सभागृहात ठिव की. तितं वर्साला एकदाच तर बसता, ते बी भांडायला."

चेअरमनला हसावंच लागलं. म्हातारी त्यांची सख्खी चुलती होती. पेंड सभागृहात गेली.

पुढं पाऊसमान सुधारलं, घरोघर नळ आले, टँकर बंद झाला. मग एका हिवाळ्यात काका गेले. समितीनं दुखवटा म्हणून एक दिवस वाचनालय बंद ठेवायचं ठरवलं. मी कुलूप घेऊन गेले, तर पायऱ्यांवर बायका बसलेल्या. जवळ एकही घागर नव्हती.

"आज बंद आहे," मी म्हटलं.

"कावून? दुखवटा आत बसून पाळता येत न्हाई व्हय?"

मी कुलूप पिशवीत टाकलं आणि त्यांच्यासोबत आत जाऊन बसले.