सकाळची मराठी उपासना

जबलपूरच्या सदर भागातल्या लाल विटांच्या चर्चमध्ये दर रविवारी, हिंदी उपासनेच्या खूप आधी, मराठी उपासना व्हायची. ती कशी सुरू झाली हे सांगू शकणारं आता बापूसाहेब थोरातांशिवाय कुणी उरलं नव्हतं. चर्च बांधलं होतं गोऱ्या पलटणीसाठी. पुढे रेल्वेच्या नोकरीपायी अमरावती-अकोल्याकडची ख्रिस्ती कुटुंबं जबलपुरात आली, तेव्हा त्यांना आत जागा मिळाली ती भल्या सकाळची, साहेब लोक उठायच्या आधीची. जाताना सगळ्या खिडक्या उघडून जावं लागे, साहेबांना बाकं गार आणि हवा ताजी मिळावी म्हणून. बापूसाहेबांच्या वडिलांनी त्या खिडक्या उघडल्या होत्या. साहेब गेले, पलटणी बदलल्या, पण मराठीची वेळ तीच राहिली.

कुंदाताई साळवे याच मंडळीत वाढल्या. नर्सची नोकरी संपली, नवरा गेला, आणि सकाळच्या उपासनेचा सारा भार त्यांच्यावर आला. कुलूप उघडायचं, पेटी काढायची, गीत धरायचं, शास्त्र वाचायचं. पाळकसाहेब हिंदी बोलणारे, ते मराठीत पडत नसत. हळूहळू जुनी माणसं गेली, तरुण नोकऱ्यांमागे बाहेर पडले, आणि जे राहिले त्यांच्या मुलांना मराठी कळे, पण बोलताना तोंडात हिंदीच येई. थंडीत कधीकधी कुंदाताई, बापूसाहेब आणि आणखी दोघी म्हाताऱ्या, एवढीच मंडळी असे.

डिसेंबरच्या कमिटीत विषय निघाला. पाळकसाहेबांनी विचारलं, "दीदी, आप ही बताइए. मराठी सर्विस चलानी है?"

सगळे कुंदाताईंकडे बघत होते. त्यांनी "हो" म्हटलं असतं तर कुणी ब्र काढला नसता. पण कुंदाताईंना त्या क्षणी दिसला तो नर्मदेकडून येणारा गार वारा, दुखणारा गुडघा आणि अंथरुणातला ऊबदार रविवार. "अब कोई आता नहीं," त्या म्हणाल्या. "बंद कर दीजिए. सबको मैं बता दूँगी."

दोघी म्हाताऱ्यांना त्यांनी फोन केला. बापूसाहेबांना प्रत्यक्ष जाऊन सांगू म्हणाल्या, आणि गेल्याच नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ करत रविवार उजाडला.

त्या रविवारी त्या निवांत उठल्या, पोहे खाल्ले आणि हिंदी उपासनेला ऑटोनं आल्या. बाकी कुणी अजून आलं नव्हतं. बंद दाराच्या पायरीवर, मफलर डोक्याला गुंडाळून, बापूसाहेब बसले होते. ओठ निळे पडले होते.

"कुंदा, आज मले उशीर झाला," ते म्हणाले. "माझी वाट पाहून सारे परत गेले बघ."

कुंदाताईंनी खरं तेव्हाच सांगायचं होतं. "चला, आत बसू," एवढंच त्या म्हणाल्या आणि त्यांना दंडाला धरून आत नेलं. हिंदी उपासनेत बापूसाहेब स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखे इकडेतिकडे बघत राहिले.

त्यांचं विसरणं आधीच सुरू झालं होतं. त्या थंडीनंतर ते झपाट्यानं वाढलं. एक दिवस त्यांची सून रोशनी कुंदाताईंकडे आली. ती इथलीच, हिंदी घरातली.

"दीदी, पापाजी अब हिंदी समझते ही नहीं. दिनभर मराठी बोलते हैं और रोते हैं. बार-बार 'उशीर, उशीर' कहते हैं. उशीर मतलब देर ना?"

नर्स असल्यानं कुंदाताईंना माहीत होतं, मागाहून शिकलेली भाषा अशा आजारात आधी जाते. पण रडण्याचं कारण फक्त त्यांनाच माहीत होतं. त्या तशाच तिच्याबरोबर ओमतीला, बापूसाहेबांच्या घरी गेल्या.

बापूसाहेब खाटेवर बसले होते. "मंडळी माझ्यावर नाराज आहे," ते म्हणाले. "मी उशिरा गेलो न, म्हणून उपासना बंद पडली."

"नाही बापूसाहेब. ती मी बंद केली. अन् तुम्हाला सांगितलंही नाही."

"काहून? थंडी वाजत होती काय तुले?"

"हो. अन् कंटाळा आला होता."

"मग सांगायचं न. मी उघडलं असतं चर्च." त्यांनी कुंदाताईंच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे. देव माफ करते."

कुंदाताई घरी आल्या त्या हलक्या होऊन. पण दोन दिवसांनी गेल्या, तर बापूसाहेब पुन्हा तेच म्हणून रडत होते, "मले उशीर झाला." त्यांनी पुन्हा सांगितलं. या वेळी म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि त्या निघेपर्यंत वळवलं नाही.

मग असंच होत गेलं. कधी माफी मिळे, कधी पाठ. रोशनी म्हणे, "क्यों बताती हो हर बार? भूल ही जाते हैं."

"नहीं बताऊँगी तो अपने को दोष देते रहेंगे," कुंदाताई म्हणत. आपला गुन्हा त्यांच्या डोक्यावर राहू देणं त्यांना जमेना.

पुढच्या कमिटीत त्यांनी मराठी उपासना परत मागितली. एकजण हसून म्हणाला, "आपने ही तो कहा था, कोई आता नहीं."

"मैंने झूठ कहा था. बापूसाहब आते थे."

कुणी हसलं नाही मग. सकाळची वेळ काही मिळाली नाही, फाटक उघडणारा चौकीदार आता तेवढ्या लवकर येत नव्हता. हिंदी उपासनेनंतर खुर्च्या ठेवायची बाजूची खोली मिळाली. पहिल्या रविवारी रोशनी सासऱ्यांना घेऊन आली. दोघी म्हाताऱ्या आल्या, एक नवं लग्न झालेलं नागपूरचं जोडपं आलं. कुंदाताईंनी पेटीवर गीत धरलं, आणि बापूसाहेबांनी सगळी कडवी न अडखळता म्हटली. आपण कुठं आहोत हे त्यांना कळत होतं की नाही, देव जाणे.

पावसाळ्यात ते गेले. शेवटच्या भेटीत त्यांनी उशिराचं काही काढलंच नाही. "तू कोण व?" असं विचारलं, आणि कुंदाताईंनी नाव सांगितल्यावर, "अच्छा," म्हणून डोळे मिटले. सांगायला काही उरलं नव्हतं, आणि त्याआधीच्या भेटीत मिळाली होती ती माफी नव्हे, पाठच.

दफनविधी मराठीत झाला. शास्त्रवाचन रोशनीनं मागून घेतलं. ती प्रत्येक 'ळ'ला अडखळत होती. कबरीशी उभ्या कुंदाताई मान खाली घालून ऐकत होत्या, आणि एकदाही तिला दुरुस्त करायला पुढे झाल्या नाहीत.