तिनं नाव घेतलं

बोरी बुद्रुकची कल्याणी ब्लाउज शिवायची. मोडलेल्या माणसांच्या प्रेमकथेचा सिनेमा मी तिच्याच गावात चार माणसांत, उसन्या कॅमेऱ्यावर उरकत होतो. नायकाच्या बायकोचं काम करणारी नटी आलीच नाही, म्हणून हिला उभं केलं. घर सोडून चाललेल्या नवऱ्याला हाक मारायची, एवढाच सीन. ती ‘अहो’च म्हणत राहिली.

मी खेकसलो, ‘अहो नको! नाव घ्या!’

जन्मात नवऱ्याचं नाव न घेतलेली ती किंचाळली, ‘हनुमंत, जाऊ नका!’

सिनेमातल्या नवऱ्याचं नाव राकेश होतं.

‘हेच ठेवू,’ मी खुशीत म्हणालो.

‘काढा, भाऊ. त्ये पुण्याला कामाला हायेत, असं सांगितलंय मी घरात.’

मी काढलं नाही. गावात सिनेमा दाखवला, तेव्हा तिची सासू वळून म्हणाली, ‘म्हंजी हणमंत यायचा न्हाई व्हय गं?’