दाराबाहेर भरलेली सभा

करुणे, लग्न होऊन मी नगरच्या स्टँडवरून निघाले तेव्हा तू माझा पदर सोडत नव्हतीस. आपल्या आप्पांनी उपरण्यानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाले, "ख्रिस्ती माणसानं रडका चेहरा घेऊन फिरू नये. लोक म्हणतील, हिचा विश्वास कच्चा." आणि स्वतःच पाठ फिरवून रडले. माझ्या डोक्यात मात्र त्यांचं बोलणं तेवढं राहिलं, रडणं नाही.

नागपूरजवळ खापरखेड्याला वीजकेंद्राच्या कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर. वाळत घातलेल्या लुगड्यांवर राख बसायची. ह्यांची शिफ्ट ड्यूटी. शेजारीण विचारायची, "काहून वं, जेवली नाही?" मला वाटायचं, भांडतेय की काय!

दुसऱ्या वर्षी मन खचत गेलं. कारण विचारशील तर सांगता येत नाही. घरात कोणी गेलं नव्हतं, हे वाईट वागत नव्हते. तवा तापत राहायचा आणि मी बघत बसायची. कन्हान नदीच्या पुलावर बस आली की मी खिडकी सोडून मधल्या सीटवर जायची. का, ते तू समजून घे. प्रार्थनेला बसले तर "हे प्रभू"च्या पुढे शब्द नाही. तुम्हाला पत्रात लिहायची, प्रभूच्या कृपेनं मजेत आहे.

चर्चच्या मंडळीतल्या बायकांची प्रार्थनासभा दर बुधवारी एकेकीच्या घरी असायची. माझी पाळी आली आणि मी साफ विसरले. दुपारी दार वाजलं. आत खरकटी भांडी, केसांना आठ दिवस फणी नाही. मी कडी काढलीच नाही.

"आतच आहे वं ते, चपला दिसून राहिल्या," बाहेरून मार्थाबाईंचा आवाज. त्या रिटायर नर्स, आमच्यात सगळ्यांत वडील. मग दाराला तोंड लावून म्हणाल्या, "पोरी, नको उघडू दार. तुले प्रार्थना येत नसन तर नको करू. तुझ्या वाटची आम्ही करून राहिलो. तू नुसती बस."

आणि खरंच, पायरीवर उन्हात बसून चौघींनी गीत सुरू केलं. एकीचा सूर असा काही भरकटला की मला हसू यायला हवं होतं. आलं रडू. किती महिन्यांनी! मी कडी काढली.

मार्थाबाईंनी खोलीभर नजर फिरवली. "चहाले एखादा तरी कप धुतलेला आहे का, महाराणी?"

पुढच्याच आठवड्यात त्यांनी ह्यांना सांगून मला नागपुरात रामदासपेठेत मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. मी गोळ्या घेईना. गोळी घेतली म्हणजे विश्वास नाही, असंच ना? त्या चिडल्या. "येशूनं आंधळ्याच्या डोळ्याले चिखल लावलाच ना? नुसतं बोलून होत नव्हतं काय त्याले? घे गुपचूप!"

गोळी आणि बुधवार, दोन्हीनं हळूहळू उजाडलं. शब्दही आले, पण फार उशिरा. तोवर मी चौघींच्या शब्दांवरच राहिले. देव बाहेर पायरीवर बसून राहतो, हे तेव्हा कळलं.

अजूनही ते दिवस मधूनच येतात. इथं बायका लगेच ओळखतात. कोणी वरणभाताचा डबा ठेवून जातं, माझा विश्वास कोणी मोजत नाही. नगरला आले की मात्र मी सगळ्यांत मोठ्यानं हसते आणि परतीच्या गाडीत अंग गळून जातं. आप्पा होते तोवर त्यांना सांगायचं राहून गेलं, म्हणून तुला सांगते. पुढच्या वेळी आले आणि तोंड पाडून बसले, तर बसू दे मला. काही विचारू नकोस. मग मीही म्हणेन, घरी आले.