बोटं मागे

प्रशिक्षण केंद्रातली मुलंमुली विजेचा वर्ग घेणाऱ्या बाईंना पाठीमागे शॉकबाई म्हणत आणि तोंडावर मॅडम. हे टोपणनाव त्यांना ठाऊक होतं, मनातून आवडतही होतं. पण तसं दिसलं असतं तर वर्ग डोक्यावर बसला असता, म्हणून त्या कानाडोळा करत. विजेच्या प्रयोगशाळेवर त्यांची नेमणूक झाली तेव्हा 'बाईमाणूस आणि वायरिंग?' म्हणून नाकं मुरडणारे बरेच होते. त्यातले काही निवृत्त झाले, काही वारले, आणि उरलेले आता घरचा पंखा बंद पडला की त्यांनाच फोन करतात.

प्रयोगशाळा तळमजल्यावर, वेल्डिंगच्या शेडमागे. लांब टेबलं, त्यांवर काळं रबर अंथरलेलं, खिडक्यांना जाळ्या, आणि कितीही झाडलं तरी न जाणारा जळक्या वार्निशचा वास. पहिल्या दिवशी बाई कुणाला भिंतीवरच्या प्लगजवळ फिरकू देत नसत. प्रत्येकाच्या हातात एक सेल, एक छोटा बल्ब आणि वायरचे दोन तुकडे देऊन म्हणत, "पेटवा." निम्मा वर्ग एकच वायर जोडून आशेने बघत बसे. "अरे, पाहुणा आला तसा परत जायला नको का? विजेलाही परतीची वाट द्या." पुढच्या आठवड्यात मीटर यायचे. "ॲमीटर रांगेत उभा राहतो, व्होल्टमीटर बाजूला उभा राहून गंमत बघतो. जो कुणी ॲमीटरला बाजूला उभा करील, त्याचा फ्यूज उडेल आणि माझाही."

त्यांचा सगळ्यात लाडका प्रयोग माणसाच्या अंगाचा. जुना काट्याचा मीटर रेझिस्टन्सवर लावायचा, त्याची दोन टोकं एकेका हातात धरायची. मीटर आपल्याच सेलमधून जीव नसल्याइतका प्रवाह सोडतो आणि अंग त्याला किती अडवतं ते काटा सांगतो. कोरडा हात जास्त अडवतो, ओला कमी. इथवर पुस्तकातलं. मग बाई गप्पा मारत त्या मुलाच्या मागे जात आणि लाकडी पट्टी टेबलावर खाडकन आपटत. मुलगा दचके, सगळे हसत. हसणं ओसरायच्या आत, क्षणभर उशिराने, काटा सरसर उजवीकडे जाई. भ्यायलेल्या माणसाच्या तळव्याला नकळत बारीक घाम सुटतो आणि अंग वीज कमी अडवतं. "तोंडाने खोटं बोलाल," बाई म्हणत, "तळहात नाही बोलणार."

घरी त्यांचे वडील होते. बस स्थानकावर गाड्यांची घोषणा करण्यात त्यांचा जन्म गेला. आवाज असा की गल्लीतले लोक त्यांना भोंगा म्हणत, आणि जेवताना मीठ मागितलं तरी वाटे की आता गाडी सुटणार. त्या माणसाला पक्षाघाताचा झटका आला आणि एका सकाळी भोंगा कायमचा बंद झाला. हात नाही, पाय नाही, शब्द नाही. डोळे उघडे असत, पण बघत आहेत असं वाटत नसे. डॉक्टर म्हणाले, "यांच्यापर्यंत काही पोहोचतंय असं दिसत नाही."

धाकटा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. माणूस वाईट नव्हता, उरकून टाकणारा होता. त्याने एक शुश्रूषागृह पाहून ठेवलं होतं. "ताई, तू दिवसभर नोकरी करतेस, रात्रभर जागतेस. कुणासाठी? बाबा आत असते तर मीच नको म्हटलं असतं. पण आत कुणी नाहीये."

"आहेत," बाई म्हणाल्या.

"कशावरून?"

यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसणं त्यांना आयुष्यात कधी सहन झालं नाही. पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या केंद्रातला काट्याचा मीटर घरी घेऊन आल्या.

वडिलांच्या उजव्या हाताची बोटं वळलेली असत. बाईंनी ती हळूच उघडली, मीटरचं एक टोक तळव्याच्या वरच्या बाजूला टेकवलं, दुसरं खाली, आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. काटा थोडा सरकून थांबला. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता.

"बाबा, मी कोण आहे कळतंय का?"

काही नाही. आणि मग जरा थांबून, विचार केल्यासारखा, काटा उजवीकडे गेला.

बाई ढसाढसा रडल्या. रडताना काटा आणखी पुढे गेला, आणि त्यांना वाटलं, बाबाही रडताहेत.

मग ते रोजचंच झालं. केंद्रातून आल्यावर हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि बाबांशी बोलायला बसायचं. 'आज दुखतंय का?' काटा जागचा हलत नसे. 'आई आठवते का?' आई जाऊन बराच काळ लोटला होता. त्या प्रश्नाला काटा दरवेळी जाई. बाईंनी धाकट्याला फोनवर सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "ताई, मेलेल्यांना वाटीवर बोलावतात ना, तसलं झालं हे. फक्त वाटीच्या जागी मीटर." बाई चिडल्या. पण फोन ठेवल्यावर ते बोलणं त्यांच्या डोक्यात कुसळासारखं रुतून बसलं.

त्या संध्याकाळी त्यांनी विचारायला नको होतं ते विचारलं. "बाबा, आई येते का इथे?"

काटा गेला. पूर्वी कधी गेला नव्हता इतका.

बाईंचे हात गार पडले. "आत्ता आहे?"

काटा तिथून आणखी पुढे सरकला आणि तिथेच थरथरत राहिला. उशापाशी एक रिकामी खुर्ची होती. बाईंना मान वळवून तिकडे बघायचा धीर होईना. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. त्या दिवसापासून घरातलं सगळंच बदललं. खुर्चीवर कपडे टाकायचे बंद झाले. बाई खोलीत शिरताना दारात जरा थांबू लागल्या, कुणाचं बोलणं अर्धवट तुटू नये म्हणून. आणि वडिलांच्या कानाशी वाकून सांगू लागल्या, "आई बसली आहे हं बाबा, तुमच्या उशाशी. हात लावतेय तुम्हाला." दरवेळी काटा साक्ष देई. दिवसा वडिलांचं बघायला येणाऱ्या मावशींच्या हे कानावर पडलं, तेव्हा त्यांनी कामाची वेळच बदलून घेतली. "मी उजेडात येईन आणि उजेडात जाईन," त्या म्हणाल्या. "आणि ते यंत्र बाहेर असेल तर तेवढंही येणार नाही."

बाईंना भीती वाटत होती, हे खरं. पण भीतीपेक्षा मोठा एक हट्ट होता. काटा हलतोय तोवर बाबा आहेत, आणि बाबा आहेत तोवर त्यांना कुणी घराबाहेर काढू शकत नाही.

मग केंद्रात मोठ्या रेझिस्टन्सचे प्रयोग सुरू झाले. तांदळाच्या दाण्याएवढे रेझिस्टर, अंगावर रंगीत पट्टे, आणि अडवण्याची ताकद माणसाच्या अंगापेक्षा कितीतरी जास्त. या प्रयोगात दरवर्षी एकच चूक होते. रेझिस्टर हातातून निसटतो, म्हणून मुलं त्याची दोन्ही टोकं आणि मीटरची दोन्ही टोकं चिमटीत धरून दाबतात. मग वीज रेझिस्टरमधून कशाला जाईल? तिला बोटांतून, दंडातून, छातीतून सोपी वाट मिळते. म्हणून बाई टेबलांमधून फिरताना एकच जप करत, "बोटं मागे! बोटं मागे!"

पहिल्या ओळीतली एक मुलगी रडकुंडीला आली होती. "मॅडम, उत्तर सारखं बदलतंय. मी टेन्शन घेतलं की आणखी कमी येतंय."

बाईंनी तिची चिमूट पाहिली आणि खेकसल्या, "येणारच! अगं, तू रेझिस्टर मोजतच नाहीयेस. तू स्वतःला मोजतेयस!"

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि बाई तिथेच उभ्या राहिल्या. मुलीला वाटलं, आता आणखी बोलणी बसणार. पण बाई आपल्याच दोन्ही हातांकडे बघत होत्या. मग त्या खाली बसल्या आणि त्यांनी पाणी मागितलं.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इतकी वर्षं ज्या चुकीवरून पोरांना फाडून खाल्लं, ती चूक त्यांनी घरी रोज केली होती. उघडी टोकं दोन्ही हातांच्या बोटांनी वडिलांच्या तळव्यावर दाबून धरली होती. रडल्या त्या, काटा हलला. घाबरल्या त्या, काटा हलला. आई आठवते का, या प्रश्नाला रोज न चुकता उत्तर देत होती ती आईची मुलगी. खुर्चीत कुणी नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, पलंगावर तरी कुणी होतं की नाही, हेही आता सांगता येत नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी प्रयोग नीट मांडला. चंदेरी कागदाचे दोन तुकडे वडिलांच्या दोन बोटांना चिकटपट्टीने बांधले, त्यांना वायरचे दातेरी चिमटे लावले, मीटर स्टुलावर ठेवला आणि स्वतः दूर जाऊन बसल्या. हात मांडीवर.

"बाबा, मी कोण आहे?"

काटा ढिम्म.

"आई आठवते का?"

ढिम्म. त्यांनी गाड्यांची नावं घेतली, मोठ्याने हाका मारल्या, शेवटी लाकडी पट्टीसुद्धा आपटली. काटा भिंतीवरच्या खिळ्यासारखा होता. बाईंना रडू आलं नाही. आतून रिकामं रिकामं वाटलं, आणि लाज वाटली. त्यांनी मीटर तसाच जोडलेला सोडला आणि भावाला बोलावून घेतलं.

दुपारी धाकटा आला. दारालाच टेकून उभा राहिला. त्या खोलीत फार आत यायची त्याची सवय मोडली होती. बाईंनी त्याला चहा दिला, स्वतःचा कप दोन्ही हातांत धरून त्या खिडकीशी बसल्या. मध्ये पलंग. एवढे महिने ते असेच बोलत आले होते, वडिलांच्या अंगावरून, जसं टेबलावरून बोलतात.

"तुझं खरं होतं," बाई म्हणाल्या. "ते मीच होते."

"जाऊ दे ताई. तू जेवढं केलंस तेवढं कुणी करत नाही. मग काय ठरवायचं?"

"ने त्यांना," बाई म्हणाल्या. "माझ्याच्याने आता होत नाही."

खोली शांत होती. आणि मग, क्षणभर उशिराने, स्टुलावरच्या मीटरचा काटा उजवीकडे सरकला.

बाईंनी आधी स्वतःचे हात पाहिले. कपावर होते. भाऊ दाराशी होता. वायर कुणाच्या पायात नव्हती, खिडकी बंद होती. काटा हळूहळू परत मागे आला.

"मग सोमवारची गाडी सांगतो," धाकटा म्हणाला.

काटा पुन्हा गेला, पहिल्यापेक्षा पुढे.

काटा हलला, एवढं कळतं. भीतीने हलला की सुटकेच्या आनंदाने, हे कुठल्याच मीटरच्या तबकडीवर लिहिलेलं नसतं. आणि बाईंच्या प्रश्नांना का नाही हलला? रोज तेच तेच विचारून ते शिळे झाले असतील. खोटी हाक कुठली आणि खरी कुठली, हे त्या माणसाला कळत असेल. गाड्या कुठे जातात हे जन्मभर दुसऱ्यांना सांगितलेल्या माणसाने आज पहिल्यांदा स्वतःच्या गाडीचं ऐकलं होतं.

मग त्यांना बाकीचं आठवायला लागलं. या खोलीत, या पलंगावरून काय काय बोललं गेलं होतं. भावजय नाकाला रुमाल लावून काय म्हणाली होती. भेटायला आलेले नातेवाईक 'सुटले तर बरं' म्हणून चहा प्यायले होते. आणि संध्याकाळ झाली की पोटची मुलगी कानाशी येऊन सांगत होती की तुमची मेलेली बायको उशाशी बसली आहे, आत्ता तुम्हाला हात लावते आहे. मान वळवून खुर्ची रिकामी आहे हे बघण्याचीही त्यांना सोय नव्हती.

"ताई? काय झालं? अशी काय बघतेस?"

बाईंनी कप खाली ठेवला. "गाडी सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "त्यांना जायचंय की नाही, हे कसं विचारायचं ते मला शोधू दे."

"कुणाला?"

"हळू बोल." त्यांचाच आवाज इतका खाली गेला होता की धाकट्याला पुढे यावं लागलं. "बाबा ऐकताहेत."

तो हसायला गेला, पण बहिणीचा चेहरा पाहून थांबला. त्याने वडिलांच्या उघड्या डोळ्यांकडे पाहिलं, मग दाराकडे, जिथे टेकून तो इतके महिने बोलत आला होता.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

दोघांपैकी कुणीही मीटरकडे बघितलं नाही.