चांदी पिणारा

"खापरं मोजतात सगळे, वाचत कुणी नाही," मोलोन कुंभार एकदा भट्टीपाशी म्हणाला होता.

अथेन्सच्या कुंभारवाड्यात त्याचा जन्म गेला. फुटका माल तो दाराबाहेर टाकी, आणि ज्या वर्षी शहराला कुणाला तरी घालवायचं असे, त्या वर्षी तो ढीग सकाळीच संपे. जुन्या हुकूमशहाच्या धास्तीने केलेला कायदा होता तो. जो डोईजड वाटेल त्याचं नाव खापरावर कोरायचं. आरोप नाही, खटला नाही. खापरं सहा हजार भरली, की ज्याच्या नावाची सर्वांत जास्त, त्याने दहा दिवसांत शहर सोडायचं, दहा वर्षांसाठी. घर त्याचंच, शेत त्याचंच. फक्त तो तिथे नसायचा.

फानोक्लीस त्याच गल्लीत वाढलेला. मोलोनची भट्टी कोसळली तेव्हा त्याचं चाक वर्षभर फानोक्लीसच्या अंगणात फिरत होतं. पुढे फानोक्लीस सभेत बोलू लागला, त्याच्या मागे माणसं चालू लागली. त्या हिवाळ्यात त्याने मेजवानी दिली, ती चांदीच्या पेल्यांतून. मोलोनचे पेले स्वयंपाकघरात गड्यांपुढे होते. मोलोन जेवला, हात धुतले, घरी आला.

मतदान द्राक्षवेलींच्या छाटणीच्या दिवसांत आलं. खेड्यातलं कोण येतंय, सहा हजार कसले भरतात, असं जो तो म्हणत होता. मोलोनलाही ते पटलं. त्याने एका फुटक्या पेल्याचं बूड उचललं, त्याच्यावर फानोक्लीसचं नाव कोरलं, खाली 'चांदी पिणारा' असंही. चौकातल्या मतदानाच्या कुंपणाशी ते पालथं धरून दिलं आणि मन मोकळं झाल्यासारखा घरी येऊन झोपला.

छाटणी टाकून माणसं आली होती. सहा हजार भरली, आणि सर्वांत जास्त फानोक्लीसच्या नावाची निघाली.

निघायच्या आदल्या दिवशी त्याच्या अंगणात गर्दी उसळली. कुणी अंजिरं आणली, कुणी चीज, कुणी सामान बांधायला दोर. मोलोनने तेलाचे दोन बुधले आणले. जो तो शपथेवर सांगत होता की आपण दुसऱ्याचंच नाव लिहिलं. गल्लीतल्या न्हाव्याने तर झ्यूसलाच साक्षीला बोलावलं.

फानोक्लीसची म्हातारी मावशी एउथिल्ला घोंगड्या बांधत होती. "सगळे जर आपलेच," ती म्हणाली, "तर ती एवढी खापरं काय समुद्रातून वर आली?"

 न्हावी मोलोनकडे वळला. "आणि तू रे? तू कुणाचं लिहिलंस?"

"त्याला कशाला विचारतोस?" फानोक्लीस म्हणाला. त्याने कमरेची किल्ली सोडून मोलोनपुढे धरली. "घर तुझ्याकडे राहू दे, मोलोन. मावशीला काय हवं-नको ते बघ. या गल्लीत दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावी असं मला वाटत नाही."

मोलोनने बुधले भिंतीशी टेकवले. एक नीट बसेना, त्याखाली खडा सरकवला. मग पुढे धरलेल्या हाताला वळसा घालून तो दाराकडे गेला आणि बाहेर पडला.