ऋषीची भाजी आणि ट्रॅक्टर

श्रीगजाननास व सप्तर्षींना वंदन करून, आजच्या ऋषिपंचमीनिमित्त आमच्या शेजारीणबाईंचे स्मरण करतो. ताटातला पदार्थ बोटाने उलटवून "ह्ये आलं कुठून?" असे विचारल्यावाचून त्या घास घेत नसत. आमच्याकडे एकदा बिस्किटालाही हाच प्रश्न झाला. "कारखान्यातून," असे कळताच त्यांनी त्याच्याकडे अनाथ बालकाकडे पाहावे तसे पाहिले, आणि मग मायेने खाल्ले.

बाळकुमला आमची इमारत उभी आहे, ती जमीन पूर्वी त्यांच्या घरची भातशेती. पुढे त्या त्याच जागेवर, सातव्या मजल्यावर राहू लागल्या.

ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य, हे आपण जाणताच. एका वर्षी त्या दिवशी बाई भाजीची पिशवी घेऊन उपाशीपोटी तळमजल्यावर माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"गुरुजी, भाजीवाला बोलतो, गावात बैलच नाय, टॅक्टर हाय. टॅक्टर बैलात धरायचा का?"

मागे त्यांची सून रडकुंडीला आलेली. "काका, आईंना शुगर आहे. जेवल्याशिवाय गोळी देता येत नाही. लवकर काहीतरी सांगा ना!"

ग्रंथांत ट्रॅक्टर कोठून असणार? मी विचारपूर्वक म्हणालो, "बैलास विसावा मिळावा, हा व्रताचा हेतू. ट्रॅक्टरमुळे तो मिळतोच. भाजी चालेल."

"आन् टॅक्टरला इसावा कोन देनार?"

मी पंचांग उघडले आणि पुन्हा मिटले. सून पायरीवरच बसली.

इतक्यात बाईंची दृष्टी माझ्या खिडकीबाहेर गेली. चेअरमनसाहेबांच्या एसीचे पाणी ठिबकून तेथे अळू माजले होते. कोणी लावले नव्हते. बाई विळा घेऊन तेथे पोहोचल्या. वॉचमन धावला, "माताजी, सोसायटी का है!"

"आरं, तुझी सोसायटीच माझ्या शेतात उभी हाय!"

भाजी शिजली, बाई जेवल्या, गोळी घेतली गेली. वाटीभर आमच्याकडेही आली. सायंकाळच्या आरतीला आम्हा सर्वांचेच घसे असे खाजत होते की गणपतीपुढे केवळ खोकला चढला. बाई मात्र प्रसन्न! "खाजतंय ना? म्हंजे आपल्या मनानं उगवलंय."

गेल्या माघात त्या निवर्तल्या. आज सुनेने बाजारच्या भाजीची वाटी आणून दिली. चवीला उत्तम होती. आरतीही स्वच्छ आवाजात पार पडली, आणि ती संपल्यावर सून आणि मी एकमेकांकडे पाहत उगाचच खोकलो.

माता अन्नपूर्णा आपल्या घरी अखंड नांदो, आणि आपल्या पंगतीतले एकही पान रिकामे न राहो.